रोजची गाडी, शंकूंचं मैदान: वाचकांचे प्रश्न

मोकळ्या डांबरी मैदानावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं, हा ऑटोक्रॉस. फेरी जेमतेम मिनिटभराची, गिअर बहुतेक वेळ दुसरा, आणि सरळ रस्ता जवळजवळ नाहीच. त्यामुळे पत्रांमध्ये इंजिनापेक्षा सस्पेन्शन आणि वजन यांचीच चौकशी जास्त असते. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझी फ्रंट-व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, कंपनीतून आली तशीच. वळणात स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी नाकासमोर निघून जाते. पहिला खर्च कशावर करू: स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर की अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून वळणात गाडीचा कल रोखणारी दांडी)?

तिन्हींपैकी कशावरच नको, निदान आत्ता नको. गाडीला धरून ठेवतात ते चार टायर, आणि प्रत्येक टायरचा तळहाताएवढाच भाग जमिनीला टेकलेला असतो. सस्पेन्शनचं काम एवढंच, की भर वळणातही तो भाग सपाट टेकलेला राहावा. तुमच्या गाडीचे पुढचे टायर वळणात बाहेरच्या कडेवर उभे राहतायत, आणि ते आधी हवेने आणि अलाइनमेंटने सुधारायचं असतं.

टायरच्या कडेवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकतो याचा, आकडा छापलेला असतो; तो जितका कमी तितकं रबर मऊ. रोजच्या वापराचे टायर साधारण ४०० च्या आसपास किंवा वर असतात; स्पर्धेसाठी रस्त्यावर चालणारे टायर घ्यायचे तर २०० चे घेतात, आणि बऱ्याच नियमावल्यांची सीमाही तीच असते. हा आकडा ज्याचा तो उत्पादक ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे २०० चे टायर सारखेच धरतील असं समजू नका. टायर बदलल्याने जेवढा वेळ कमी होतो तेवढा दुसऱ्या कुठल्याही एका भागाने होत नाही.

मग हवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर जो आकडा असेल त्यापेक्षा पुढे ४ पीएसआय जास्त भरून सुरुवात करा, मागे पट्टीवरचीच ठेवा. टायरच्या नक्षीपासून खांद्यावरून खाली कडेपर्यंत खडूची रेघ ओढा, प्रत्येक टायरवर तीन जागी. फेरी संपली की उतरून बघा. खडू खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणाच्या खुणेपर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर आहे. त्याच्या खाली, कडेवरचाही पुसला गेला असेल तर टायर दुमडतोय. २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या बाहेरच्या पट्ट्यावरच खडू शिल्लक असेल तर २ ने कमी करा. दोन-तीन फेऱ्यांनी टायर तापून हवा ३ ते ५ पीएसआयने वाढते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर लगेच मोजा आणि वाढलेली काढून टाका. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

तिसरी गोष्ट कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल; चाकाची वरची बाजू आत झुकली की तो उणे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) असलेल्या गाडीत कंपनीचा कॅम्बर शून्य ते उणे १ अंशाच्या आत असतो. वळणात गाडी ३-४ अंश कलते आणि त्या प्रमाणात स्ट्रट कॅम्बर भरून देत नाही. म्हणून उभ्या गाडीतच पुढे उणे २ ते उणे ३ अंश द्यावा लागतो. सर्वात स्वस्त उपाय कॅम्बर बोल्ट. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक काढून त्याजागी बारीक, तिरक्या पोटाचा बोल्ट घालतात. त्याने साधारण एक ते दीड अंश मिळतो. हा बोल्ट मूळ बोल्टापेक्षा बारीक असतो, त्यामुळे मूळ बोल्टाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) याला लावला तर तो ताणला जातो, आणि कमी आवळला तर पहिल्या खड्ड्यात सरकतो. बोल्टाच्या पाकिटावरचाच आकडा टॉर्क पान्यावर लावा आणि बोल्टाच्या डोक्यावरून स्ट्रटवर रंगाची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सरकलाय हे लांबूनच कळतं. खालून कॅम्बर दिला की टायरची वरची बाजू स्ट्रटच्या जवळ येते. मध्ये किमान ४ मिलिमीटर जागा उरायला हवी. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या कॅम्बर प्लेटने दिला तर हे अंतर बदलत नाही, पण प्लेट महाग आणि स्पर्धेच्या अनेक वर्गांत तिला परवानगी नसते. आपल्या वर्गाची नियमावली आधी वाचा. एका बोल्टामुळे गाडी वरच्या वर्गात ढकलली गेली तर तिथल्या गाड्यांपुढे तुमचा निभाव लागणार नाही.

शेवटी टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर), कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. पुढे दोन्ही चाकांचा मिळून १.५ ते ३ मिलिमीटर टो-आउट (तोंडं बाहेर), मागे शून्य. एवढं झाल्यावरही गाडी नाकाने बाहेर जात असेल तर मागच्या अँटी-रोल बारचा विचार करा.

प्रश्न : कॅम्बर उणे २.५ केल्यापासून पुढच्या टायरची आतली कड काही महिन्यांतच साफ झाली. रोजच्या वापरासाठी कॅम्बर परत कमी करावा का?

कॅम्बरला हात लावू नका. आतली कड खातो तो मुख्यतः टो-आउट. कॅम्बर त्याला फक्त हात देतो. चाक सरळ घरंगळत असेल तर उणे २.५ अंशावरही टायर बऱ्यापैकी चालतो. पण तेच चाक बाहेर तोंड करून सतत घासत असेल, तर सगळी घासाघीस आतल्या कडेवर होते.

म्हणून स्पर्धेला टो-आउट, घरी शून्य, असे दोन टो ठेवायचे. टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्याच्या) लॉक नटपासून उघडे आटे कॅलिपरने मोजून दोन्ही मापं वहीत लिहा. पाव फेऱ्याने बहुतेक गाड्यांत एका चाकाचा टो मिलिमीटरभर बदलतो; तुमच्या गाडीत नेमका किती, ते एकदा मोजून ठेवा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसेल.

मोजायला दोऱ्या पुरतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर एकेक दोरी ताणा. दोरी ते हबचा मध्य हे अंतर पुढे डावी-उजवीकडे सारखं हवं आणि मागे डावी-उजवीकडे सारखं हवं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळवत बसू नका. दोन्ही आसांची रुंदी वेगळी असते, चुका इथेच होतात. मग स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा आणि दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत व मागच्या कडेपर्यंत मोजा. पुढची कड दोरीच्या जवळ असेल तर तेवढा टो-आउट. जॅकवरून गाडी उतरवल्यावर लगेच मोजू नका. टायर आत ओढलेले असतात. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, मग मोजा.

प्रश्न : स्प्रिंगची एकेक वेढी कापून गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली. दिसते छान, पण वळणात पूर्वीपेक्षा वाईट धरते. अर्ध्या वळणात एकदम घसरते. गाडी खाली गेली की धरायला हवी ना?

आधी त्या कापलेल्या स्प्रिंग काढा. कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीच्या वाटीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. हा धोका रस्त्यावरचा आहे, शर्यतीचा नंतर.

आता एकदम घसरण्याचं कारण. समजा, बंप स्टॉपला (सस्पेन्शनला शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत स्ट्रटला ६० मिलिमीटरची मोकळीक होती. गाडी ५० ने खाली आली, म्हणजे उरले १०. वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक ते १० लगेच संपवतं आणि रबराच्या ठोकळ्यावर बसतं. त्या क्षणी त्या कोपऱ्याची स्प्रिंग कैकपटीने कडक झाल्यासारखी होते आणि टायर सुटतो. खात्री करायची तर शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा झिप-टाय घट्ट बसवा, एक फेरी मारा आणि तो कुठपर्यंत सरकला ते बघा. बंप स्टॉपला चिकटलेला सापडेल.

दुसरं कारण खालच्या आर्मचं, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं. मूळ उंचीवर आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट आतल्या टोकापेक्षा खाली असतो, त्यामुळे स्प्रिंग दबली की आर्मचं बाहेरचं टोक आणखी बाहेर जातं आणि कॅम्बर उणे होत जातो. गाडी फार खाली घेतली की आर्म आडवा होतो, मग उलटा चढतो. आता स्प्रिंग दबली की तोच आर्म चाक खालून आत ओढतो आणि कॅम्बर नेमका नको तिकडे जातो. त्यातच रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली घसरतं. दोहोंतलं अंतर वाढलं की गाडी कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे गाडी खाली आणली आणि ती जास्त कलायला लागली! शिवाय टाय रॉड आणि आर्म यांचे कोन जुळेनासे झाले की उंचवट्यावर चाक स्वतःहून वळतं, ते वेगळंच.

मूळ उंचीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली, त्याच लांबीच्या शॉकला जुळणाऱ्या पूर्ण स्प्रिंग, एवढ्यावर थांबा. त्याहून खाली जायचंच असेल तर लांब दांड्याचे बॉल जॉइंट आणि त्याच मापाने खाली आणलेले टाय रॉड एंड लागतात, दोन्ही एकत्र.

स्प्रिंग किती कडक घ्यावी, हेही विचारलंय. स्प्रिंगवरचा आकडा चाकाला जसाच्या तसा पोचत नाही. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ७ दबत असेल तर मोशन रेशो ०.७, आणि चाकापाशी कडकपणा मिळतो तो स्प्रिंगचा आकडा गुणिले ०.७ चा वर्ग. ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाला २९ च वाटते. मॅकफर्सनमध्ये हा रेशो एकाच्या जवळ असतो, डबल विशबोनमध्ये (चाकाला वर-खाली दोन आर्म असतात त्या रचनेत) पुष्कळ कमी. दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला उचलून लावायचा नाही तो यासाठी. तुलना करायची ती हिंदोळ्यांची: कोपऱ्यावर २८० किलो भार आणि चाकापाशी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर असतील तर तो कोपरा सेकंदाला १.५ वेळा हिंदकळतो, ४० असतील तर १.९ वेळा. रोजच्या गाड्या १.२ ते १.५ च्या दरम्यान असतात. रोज वापरायची आणि ऑटोक्रॉसही करायची गाडी २ च्या आसपास ठेवावी असं आमचं मत आहे; २.५ च्या पुढे गेलात तर खडबडीत मैदानावर टायर जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहतो.

प्रश्न : मागचा अँटी-रोल बार १९ चा काढून २२ मिलिमीटरचा बसवला. आता वळणात आतलं मागचं चाक चक्क उचललं जातं. चूक झाली का?

फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर नाही. बारचा पीळकडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे १९ चा २२ केला की तो जवळपास १.८ पट कडक होतो. वळणातला भार मागच्या आसावर आतून बाहेर जास्त ढकलला जातो, पुढच्या आसावरचा त्या मानाने हलका होतो, आणि पुढचे दोन्ही टायर कामाला लागतात. उचललेलं चाक ताकद देणारं नव्हतंच. गाडी फारच लवकर मागून सुटत असेल तर मागे आधी २ पीएसआय हवा कमी करून बघा, मग बारला एकापेक्षा जास्त छिद्रं असतील तर मऊ छिद्रावर घ्या.

रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये मात्र हाच बदल उलटा फिरतो. आतलं मागचं चाक हलकं झालं की वळणातून बाहेर पडताना ते जागीच फिरतं. तिथे कडक बार पुढे.

प्रश्न : कडकपणा बदलता येणारे शॉक बसवलेत. खटके नेमके कुठे ठेवू?

नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण आवळा, तिथून उलटे मोजत मध्यावर या. हा तुमचा शून्य. पुढे बदल जोडीनेच, एका आसाच्या दोन्ही बाजूंना, आणि एका वेळी २-३ खटके. एकेका खटक्याचा फरक बहुतेकांना जाणवत नाही.

शॉकचं काम दिसतं ते सलग शंकूंच्या नागमोडीत. गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उलटताना पुढचं टोक आळसावलेलं वाटलं तर पुढचा रिबाउंड (दबलेला शॉक परत लांबताना करतो तो विरोध) वाढवा. शेपटी उशिरा येऊन झटका देत असेल तर मागचा. जिथे गाडी कललेली आणि स्थिर आहे, अशा लांब वळणाच्या मध्यावर शॉक काहीच करत नाही. तिथला दोष बार आणि स्प्रिंगचा. रिबाउंड फार वाढवला तर आतलं चाक खाली यायला वेळ लावतं आणि लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी स्वतःलाच खाली ओढत बसते. नॉब शेवटच्या खटक्यावर ठेवूनच गाडी ठीक वाटत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तिचं काम तुम्ही शॉककडून करून घेताय.

प्रश्न : नियमांत बसेल तेवढं वजन कमी करायचंय. काय काढू? आणि चार काट्यांवर गाडी तोलून कोपऱ्यांचा भार जुळवतात, ते रोजच्या गाडीला करावं का?

पहिल्यांदा काढा ते सुटं सामान: स्टेपनी, जॅक, हत्यारांची पिशवी, पायपुसणी, डिकीतलं सगळं. बहुतेक सगळ्या वर्गांत याला परवानगी असते. त्यानंतर पेट्रोल. लिटरचं वजन पाऊण किलो धरा. ४० लिटरची टाकी भरलेली म्हणजे ३० किलो. पाव टाकीवर या. त्याहून खाली गेलात तर लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि ऐन मोक्याला इंजिन दम टाकतं. अनेक गाड्यांच्या मूळ सीटमध्ये एअरबॅग असतात, त्यांना हात लावू नका. बॅटरी हलकी करायला परवानगी असेल तर शिशाच्या १४-१५ किलोंच्या जागी लिथियमची ४-५ किलोंची चालते.

वजन कमी करायचं ते कशासाठी? १०६० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५२ सेंटिमीटरवर, चाकांमधली रुंदी १.४५ मीटर, वळणातला जोर ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट). आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३४२ किलो सरकतात. हा आकडा स्प्रिंग कडक करून कमी होत नाही. स्प्रिंग आणि बार फक्त तो पुढे-मागे वाटून देतात. ४० किलो वजन काढलं तर तो ३२९ होतो. वजन तेवढंच ठेवून गुरुत्वमध्य २ सेंटिमीटर खाली आणला तरी ३२९ च. म्हणून उंचावरचा एक किलो काढणं जमिनीलगतच्या एका किलोपेक्षा मोलाचं.

आता कोपऱ्यांचा भार. स्प्रिंगची वाटी आट्यांवर वर-खाली होणारी असेल तरच याचा उपयोग. कंपनीच्या वाट्या असतील तर हा भाग सोडून द्या.

चारही काटे एका पातळीत हवेत, फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत. पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा आणि कमी असेल तिथे पत्रे सरकवा. टायरची हवा स्पर्धेची, पेट्रोल स्पर्धेएवढं, चालकाच्या सीटवर चालक किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या. अँटी-रोल बारची लिंक (बार सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) एका बाजूने सोडलेली, नाहीतर बार स्वतःच भार इकडचा तिकडे करतो.

समजा, आकडे आले असे: डावी पुढची बाजू ३१०, उजवी पुढची ३३०, डावी मागची २१५, उजवी मागची २०५. उजवी पुढची आणि डावी मागची मिळून ५४५, म्हणजे ५१.४ टक्के, दुसरा तिरका जोड ५१५. ही गाडी डावीकडे वळताना नाकाने बाहेर जाईल आणि उजवीकडे वळताना मागून सुटायला बघेल. एकाच बाजूच्या वळणांत शंकू उडत असतील तर हा दोष आधी तपासा.

वाट्या फिरवून पुढच्या आसाचे ६४० आणि उजव्या बाजूचे ५३५ बदलत नाहीत. ते फक्त सामान हलवूनच बदलतील. बदलतो तो तिरका जोड. दोन्ही तिरके ५३० व्हायचे तर आकडे हवेत डावी पुढची ३१७.५, उजवी पुढची ३२२.५, डावी मागची २०७.५, उजवी मागची २१२.५. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात साडेसात किलोचाच फेर आहे. उजवी पुढची आणि डावी मागची वाटी अर्धा फेरा खाली, बाकीच्या दोन अर्धा फेरा वर. चारही हलवल्या की गाडीची उंची जागच्या जागी राहते. एकच वाटी फिरवून आकडा आणाल तर तो कोपरा उठून दिसेल आणि कॅम्बरही बिघडेल. प्रत्येक बदलानंतर गाडी काट्यांवरून खाली ढकला, चारही कोपरे दोन्ही हातांनी दाबून सोडा, परत चढवा आणि मग वाचा. तिरका जोड ४९.५ ते ५०.५ च्या आत आला की पुरे. त्याच्यापुढे काट्याची स्वतःची चूकच जास्त असते.

उंची थोडी जरी हलली असेल तरी कॅम्बर आणि टो पुन्हा मोजायचे. बारची लिंक शेवटी जोडा, चालक सीटवर असतानाच, आणि तिची लांबी अशी ठेवा की बोल्ट बोटांनी ढकलूनच छिद्रात जाईल. हातोडा लागत असेल तर बारमध्ये पीळ भरला गेलाय आणि आत्ता जुळवलेले चारही आकडे पुन्हा हलले.